परदेशातील घरपत्ता : बेळगाव सीमाभागातील स्थलांतरितांच्या संदर्भात

नोकरी, शिक्षण किंवा विवाहाच्या निमित्ताने परदेशी राहावयास गेलेल्या व्यक्तीला तेथील घराचा पत्ता लिहिताना, सांगताना व शोधताना जो गोंधळ सोसावा लागतो, तो सहसा भाषेचा असतो असे मानले जाते. प्रत्यक्षात त्याचे मूळ क्रमांक कशाला दिला जातो यात असते. काही देशांत क्रमांक रस्त्यावरील इमारतीला असतो, काही ठिकाणी रस्त्यांनी वेढलेल्या तुकड्याला, तर काही ठिकाणी दारावरचे नावच क्रमांकाचे काम करते. कर्नाटकात असलेल्या, पण महाराष्ट्र ज्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातील, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी भाषकांना या गोंधळाला आणखी एका कारणाने तोंड द्यावे लागते. त्यांचा मायदेशातील पत्ताही सरळ नसतो.

सीमाभागातील पत्ता गल्ली, खूण आणि माणूस या तिघांवर चालतो. गावचा पत्ता ‘मु. पो.’, तालुका व जिल्हा एवढ्यावर संपतो आणि पुढचे काम पोस्टमनची ओळख करते. मारुती गल्ली, लक्ष्मी गल्ली ही नावे शहरात आणि आसपासच्या गावांत पुन्हापुन्हा येतात. बेळगावच्या टिळकवाडी भागात रेल्वेच्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गेटवरून ठिकाण सांगितले जाते. घराला सिटी सर्व्हेचा क्रमांक असतो, पण तो मालमत्तेच्या उताऱ्यासाठी असून पाहुण्याला त्याचा उपयोग शून्य. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेल्या सहा अंकी पिनकोडमुळे टपालाची वाटणी सोपी झाली आणि सीमारेषाही त्यात उमटली. एकाच महामार्गावरील कर्नाटकातल्या निपाणीचा पिनकोड ५ ने, तर महाराष्ट्रातल्या कागलचा ४ ने सुरू होतो. खानापूर नावाचा तालुका सांगली जिल्ह्यातही असल्याने पिनकोड चुकला की पत्राला राज्य ओलांडावे लागते.

त्यातच १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक शासनाने बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ केले. परिणामी एकाच व्यक्तीच्या जुन्या शालान्त प्रमाणपत्रावर एक आणि नंतरच्या ओळखपत्रावर दुसरे, अशी जन्मगावाची दोन रूपे आढळतात. रोमन लिपीतील ही दोन रूपे एकाच शहराची आहेत हे परदेशातील कारकुनाला ठाऊक असण्याचे कारण नसते, आणि त्याने स्पष्टीकरण मागितले तर ते लेखी द्यावे लागते. पत्त्यातील राज्याचे नाव ही तर येथे केवळ टपालाची बाब नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातील ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक २०१४ मध्ये प्रशासनाने हटवला, तेव्हा त्यावरून मोठा संघर्ष झाला होता.

आखाती देशांत गोंधळाचे स्वरूप वेगळे आहे. संयुक्त अरब अमिरातीत टपाल घरोघरी पोचवण्याऐवजी टपालपेटीत टाकण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ असल्याने कामगाराचा टपाली पत्ता म्हणजे बहुधा मालकाच्या कंपनीची पेटी. तो राहतो कुठे याचा त्या पत्त्याशी काहीही संबंध नसतो, ही गोष्ट गावाकडच्या आईवडिलांना पटवून देणे सोपे नाही. टॅक्सीवाल्याला इमारतीचे नाव आणि जवळचे दुकान सांगावे लागते, म्हणजे पुन्हा बेळगावचीच रीत. दुबईत आता प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराला दहा अंकी ‘मकानी’ क्रमांक दिलेला असतो. कतारमध्ये इमारतीवरील निळ्या पाटीवर विभाग, रस्ता व इमारत असे तीन क्रमांक असतात. कुवेतमध्ये वस्ती, ब्लॉक, रस्ता आणि लागल्यास ‘जद्दा’ म्हणजे आतला उपरस्ता असा क्रम लागतो. ब्लॉक वगळून नुसता रस्त्याचा क्रमांक सांगितला तर तोच क्रमांक शेजारच्या ब्लॉकमध्येही निघतो. सौदी अरेबियातील ‘राष्ट्रीय पत्त्या’ला चार अक्षरे व चार अंक यांचे संक्षिप्त रूप आहे.

जर्मनीत येणारी अडचण भारतीयाला सर्वांत अनपेक्षित वाटते. तेथे बहुमजली इमारतीतील सदनिकांना पुष्कळदा क्रमांकच नसतो. पत्रपेटीवर आणि घंटीच्या पाटीवर राहणाऱ्याचे आडनाव असते, आणि ते नसेल तर पत्र परत जाते. मित्राच्या घरी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याने पेटीवर आपले नाव चिकटवले नाही, तर बँकेचे कार्डही त्याच्यापर्यंत पोचत नाही. ‘द्वारा’ लिहून घरमालकाचे नाव देण्याची आपली जुनी पद्धत येथे उत्तम चालते. घर बदलल्यावर साधारण दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंद करणे बंधनकारक असून त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. बर्लिनमधील काही जुन्या रस्त्यांवर क्रमांक एका बाजूने चढत जाऊन दुसऱ्या बाजूने उलटे परततात. म्हणून समोरासमोरच्या घरांच्या क्रमांकांत शेकड्यांचे अंतर पडू शकते.

ब्रिटनमध्ये घरक्रमांक व पोस्टकोड एवढे दोन तुकडे बहुतेक वेळा पुरतात. शेजारच्या आयर्लंडच्या ग्रामीण भागात मात्र अनेक घरांचा पत्ता शब्दशः एकच असे आणि पोस्टमन नावावरून घर ओळखत असे, जे खानापूर तालुक्यातील कोणालाही ओळखीचे वाटेल. २०१५ मध्ये तेथे प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र सात अक्षरांकी (अक्षरे व अंक मिळून बनलेला) संकेतांक देण्यात आला.

जपानमधील बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. पत्ता मोठ्या घटकाकडून लहानाकडे जातो आणि शेवटी वस्तीचा विभाग, तुकडा व इमारत असे तीन आकडे येतात. १९६२ च्या कायद्याने या रचनेला शिस्त लावली, तरी जुन्या भागांत जमिनीच्या नोंदणीनुसार पडलेले क्रमांक शिल्लक असल्याने लगतच्या इमारतींचे आकडे लगतचे असतीलच असे नाही. दक्षिण कोरियाने अशीच जुनी पद्धत सोडून १ जानेवारी २०१४ पासून रस्त्यानुसार पत्ते पूर्णपणे स्वीकारले.

मजल्यांची गणती हा किरकोळ वाटणारा, पण रोज छळणारा भाग आहे. भारत, ब्रिटन व जर्मनीत तळमजल्याच्या वरचा मजला पहिला मानतात. अमेरिकेत आणि जपानमध्ये मात्र जमिनीलगतचा मजलाच पहिला. तसेच परदेशी अर्जांत रस्ता, घरक्रमांक, शहर असे ठरावीक रकाने असतात व ते मोकळे सोडता येत नाहीत. गावाकडचा कायमचा पत्ता त्यांत बसवताना लोक गल्लीला रस्ता आणि सिटी सर्व्हे क्रमांकाला घरक्रमांक करतात. दुसरा उपाय नसल्याने हे योग्यच आहे. मात्र एकदा ठरवलेले स्पेलिंग आणि क्रम पुढे सर्वत्र तसाच ठेवावा लागतो.

भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ हा दहा अक्षरांकी संकेतांक आणला. तो सुमारे चार मीटर बाजूचा चौरस दाखवतो आणि गल्लीचे नाव, गावाचे नाव किंवा भाषा यांवर अवलंबून नसतो. त्याने पिनकोड रद्द केलेला नाही, आणि एकाच चौरसावर रचलेल्या सदनिकांपैकी कोणती कितव्या मजल्यावर आहे हे त्यातून कळत नाही.