‘हो’ला पुरावा मानण्याआधी

कॅलिफोर्नियातल्या सोनोमा खोऱ्यात, एल्ड्रिज इथे, १८९१ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसाठी एक सरकारी निवासी केंद्र होतं. २०११ साली तिथल्या डझनभर रहिवाशांच्या अंगावर भाजल्यासारख्या खुणा सापडल्या. संशय विजेचा झटका देणाऱ्या हत्याराचा होता. अशा सगळ्या केंद्रांसाठी राज्याचं स्वतंत्र पोलीस दल होतं, ‘ऑफिस ऑफ प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस’. तपास या दलानेच करायचा होता.

पुढच्या वर्षी ‘कॅलिफोर्निया वॉच’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेचे पत्रकार रायन गॅब्रिएलसन यांनी या दलाचं काम चव्हाट्यावर आणलं. केंद्रांमधून लैंगिक अत्याचाराच्या सुमारे तीन डझन तक्रारी आल्या होत्या आणि त्यांतल्या एकाही प्रकरणात रुग्णालयात नेऊन रीतसर वैद्यकीय तपासणी करून घेतलेली नव्हती. अशा तपासणीत शरीरावरचे नमुने साधारण तीन ते पाच दिवसांतच मिळू शकतात. आंघोळ झाली, कपडे धुतले गेले की त्याआधीही ते नाहीसे होतात. जो माणूस बोलून सांगू शकत नाही, त्याच्या बाजूने साक्ष देणारं त्याचं शरीरच असतं. म्हणून ही हयगय मला अक्षम्य वाटते.

शरीर बरंच काही सांगतं. पडल्या-धडपडल्याचे वळ बहुधा हाड वर असलेल्या जागी उठतात: नडगी, गुडघा, कोपर, कपाळ. कानामागे, पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला वळ दिसला तर थांबून विचार करायला हवा. झटका देणाऱ्या हत्याराच्या खुणा तर जोडीने उमटतात आणि दोन खुणांमधलं अंतर हत्याराच्या दोन टोकांमधल्या अंतराशी जुळतं. ‘त्याने स्वतःच करून घेतलं असेल’ असं नोंदवून वही मिटण्याआधी सुरक्षा अधिकाऱ्याने खुणेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायला हवा. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे मात्र खात्रीने सांगता येत नाही. हा जुना समज अनेक तपासांना चुकीच्या वाटेने नेतो.

जो थोडंफार बोलू शकतो, त्याच्या बाबतीत अडचण वेगळी असते. १९८०च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ कॅरल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना उलटसुलट प्रश्न विचारून पाहिले. ‘तू बहुतेक वेळा आनंदी असतोस का?’ आणि थोड्या वेळाने ‘तू बहुतेक वेळा दुःखी असतोस का?’ अनेकांनी दोन्हींना ‘हो’ म्हटलं. ‘इथे उन्हाळ्यात बर्फ पडतो का?’ यालासुद्धा काहींचं उत्तर ‘हो’ आलं.

याला खोटं बोलणं म्हणू नये. लांब प्रश्न मनात धरून ठेवायला कार्यस्मृती लागते. ती अपुरी पडली की प्रश्नाचं शेपूट हातात राहतं आणि डोकं निसटतं. त्यात आयुष्य संस्थेत गेलेलं, जेवणाची वेळसुद्धा दुसऱ्याने ठरवलेली. समोर गणवेशातला माणूस बसलेला असतो, आणि हो ला हो म्हटलं की तो खूश होतो, प्रश्नही थांबतात, हे अनुभवाने शिकलेलं असतं. अशा माणसाला ‘अमुकने तुला मारलं ना?’ विचारलं तर ‘हो’. ‘तू स्वतःच पडलास ना?’ तरीही ‘हो’. म्हणजे अधिकाऱ्याच्या मनात जे आधीच आहे, तेच जबाबात उतरतं. एका प्रश्नात निरपराध सेवक अडकतो, दुसऱ्यात अपराधी सुटतो.

पण म्हणून यांची साक्षच कुचकामी, असा निष्कर्ष काढणं चूक आहे. ‘काय झालं ते सांग’ एवढंच विचारलं, तर ही माणसं कमी सांगतात, पण जे सांगतात ते बहुतांशी बरोबर असतं, असं गिस्ली गुडजॉन्सन आणि लूसी हेन्री यांच्यासारख्या संशोधकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. वाक्य आखूड हवं, एका वेळी एकच गोष्ट विचारलेली हवी. दोन पर्यायांतला एक निवडायला सांगितलं तर शेवटी उच्चारलेल्या पर्यायाकडे कल जातो. तेच पर्याय चित्रांतून दाखवले तर उत्तर जास्त भरवशाचं येतं. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजून गप्प राहायचं. घाईच्या सवयीच्या अधिकाऱ्याला हे सगळ्यात जड जात असणार, पण समोरच्याचं उत्तर त्या शांततेतच जुळत असतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला, की ‘मघाचं चुकलं वाटतं’ असं समजून तो उत्तर बदलतो.

कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये कायदा करून गंभीर आरोप बाहेरच्या पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं. सोनोमाचं केंद्र २०१८च्या अखेरीस रिकामं झालं.

आपल्याकडे पनवेलजवळच्या कळंबोलीत, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या वसतिगृहातले अत्याचार २०११ मध्ये उजेडात आले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. त्याच वर्षी फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत अशा व्यक्तीचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी दुभाष्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायचा, त्याचं चित्रीकरण करायचं आणि खटल्यात तोच सरतपासणीच्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलाने घ्यायच्या साक्षीच्या, जागी धरायचा. त्यामुळे निदान ती हकिकत तिला कोर्टात पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागत नाही. विरुद्ध बाजूच्या वकिलाची उलटतपासणी मात्र होतेच, आणि तिथे ‘खरं ना? खरं ना?’ असे सूचक प्रश्न विचारायची कायद्याने मुभा आहे.