आत्मकथन: स्वतःची गोष्ट सांगणं आणि स्वतःला स्वीकारणं

आपल्यावर काय गुदरलं ते आपल्याच शब्दांत कुणासमोर तरी मांडणं, आणि मांडता मांडता आपण जसे आहोत तसे आपल्याला पटत जाणं, याला इथे आत्मकथन म्हटलंय. आत्मचरित्र हा त्याचा छापील प्रकार, पण गायलेलं, नुसतं बोललेलं पण यात येतं. नोंद मुख्यतः पुणे आणि आजूबाजूच्या मुलखाबद्दल आहे.

मराठीत याची सुरुवात कुठून धरायची हा वाद जुना आहे. आधुनिक आत्मचरित्रावरून मोजणारे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांपाशी थांबतात (लेखन साधारण १८४६ च्या सुमाराचं, छापून आलं ते संशोधक अ. का. प्रियोळकरांनी १९४७ मध्ये काढलं तेव्हा). पण त्याआधी नाना फडणविसांचं छोटं आत्मवृत्त आहेच, त्यात पानिपतावरून जीव वाचवून आल्याची हकिगत आहे आणि तरुणपणच्या विषयवासनेची कबुली पण आहे, पेशव्यांचा कारभारी हे स्वतःबद्दल लिहून ठेवतो हे वाचताना आजही थबकायला होतं. नामदेवांच्या नावावरचे आत्मपर अभंग याहून जुने, फक्त त्यातले खुद्द नामदेवांचे किती हे सांगणं अवघड, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. संत बहिणाबाईंपासून (साधारण १६२८–१७००, जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या) सुरुवात धरणं जास्त पटतं. ब्राह्मण घरातली बाई तुकोबांना गुरू मानते म्हणून नवऱ्याचा मार खाते, पुढे देहूत येऊन राहते, आणि बाईच्या जन्माला आल्याचं दुःख, वेदांचा अधिकार नसणं, हे सगळं अभंगात सांगते. शेवटी मुलाला जवळ बोलावून मागचे बारा जन्मसुद्धा सांगते. तुकोबांनीही आपली जात, व्यवसाय, दुष्काळात झालेली वाताहत सांगितली ती संतांनी विचारलं म्हणून, नाहीतर बोलू नये असं ते स्वतःच म्हणतात. म्हणजे दोघांच्याही समोर ऐकणारं कुणीतरी आहे, आणि नुसत्या छापील पुस्तकांवरून इतिहास लिहिला की नेमकं तेच निसटतं.

पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात आला. तिचं वय कुणी ११ देतात, कुणी १४, बहुतेक ठिकाणी १४ दिसतं. निबंध एकटीचा नाही, सगळ्या जातीचा आहे, तरी 'आम्ही' म्हणून इतकं ठाम बोलणारी ही मुलगी आत्मकथनाच्या इतिहासात हवीच.

जात्यावरच्या ओव्यांची कालनिश्चिती जवळपास अशक्य आहे. मुळशीच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी हजाराहून जास्त गावांतल्या लाखावर ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, पदरचं दुःख, सगळं पहाटे दळताना जात्याला 'ईश्वरा' म्हणून हाक मारून सांगितलेलं. घरात जे कुणी विचारणार नाही ते दगडाला सांगायचं, आणि समोर दळायला बसलेली बाई ते ऐकते, पुढची ओवी तीच जोडते.

मानसशास्त्रात मायकेल व्हाइट (ऑस्ट्रेलिया) आणि डेव्हिड एप्स्टन (न्यूझीलंड) यांनी १९८० च्या दशकात कथनोपचार मांडला: माणसाची अडचण म्हणजे तो माणूस नव्हे, आणि स्वतःबद्दलची ठरून गेलेली गोष्ट पुन्हा वेगळी सांगता येते. अमेरिकेत जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं लिहिलं, लिहिल्या लिहिल्या उलट उदास वाटलं पण पुढच्या महिन्यांत डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. तिथे समोर ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळे कागदही पुरतो असं म्हणायला जागा आहे. बोलायची तयारी नसलेल्याकडून मात्र काहीही वदवून घेऊ नये.

आजच्या पुण्यात ओपन माइकवर (कुणीही उठून बोलावं असा मंच) आपली गोष्ट सांगणारी तरुण पोरं दिसतात. पण सातत्याने हे चालतं ते व्यसनमुक्तीच्या कामात. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना १९८६, अनिता आणि अनिल अवचट) इथे आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या मीटिंगमध्ये याला सरळ 'शेअरिंग' म्हणतात. मीटिंगमध्ये माणूस आपलं पहिलं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो, आणि घरी काय काय करून बसलो ते सांगतो. त्यावर कुणी सल्ला देत नाही, सगळे ऐकून घेतात, मग पुढचा आपलं नाव सांगून सुरू करतो.