गुठळी पायात, धाप छातीत

पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरते, तिचा तुकडा सुटतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे सरकत फुफ्फुसाच्या धमनीत अडकतो. हा पल्मनरी एम्बोलिझम. मोठं ऑपरेशन, मोडलेलं हाड, कॅन्सर, बाळंतपण, अंथरुणाला खिळून राहणं, यांनी धोका वाढतो. कधी कारण सापडतच नाही.

अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ आणि थुंकीतून रक्त, ही तिन्ही लक्षणं एकाच रुग्णात क्वचितच दिसतात. कुणाला नुसती धडधड होते, कुणी जिना चढता चढता शुद्ध हरपून पडतो. छातीचा एक्स-रे तर पुष्कळदा जवळपास नॉर्मल असतो. दम लागलाय आणि एक्स-रे स्वच्छ आहे, इथेच डॉक्टरांना शंका यायला हवी. एकच पाय सुजला असेल तर अधिकच. डी-डायमरची, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात उतरणाऱ्या कणांची, तपासणी मात्र घाऊक करून उपयोग नाही. संशय कमी असताना ती नॉर्मल आली तर हा आजार जवळजवळ बाद होतो, पण वाढलेला आकडा जंतुसंसर्गातही दिसतो. खात्रीसाठी बहुधा सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेत रंगद्रव्य सोडून फुफ्फुसाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन, करतात.

जीव जातो तो बहुतेकदा हृदयामुळे. समोरची वाट तुंबली की उजवा कप्पा फुगतो, थकतो आणि रक्तदाब कोसळतो.

उपचाराचा पाया घातला गेला तो ब्रिटनमधल्या बॅरिट आणि जॉर्डन यांच्या छोट्याशा अभ्यासाने. तो 1960 साली प्रसिद्ध झाला. उपचार न दिलेल्या 19 जणांपैकी 5 जण याच आजाराने दगावले. हेपॅरिन आणि निकुमॅलोन ही रक्त गोठू न देणारी औषधं दिलेल्या 16 जणांपैकी एकही नाही. त्यानंतर कुणाला औषधाविना ठेवणं त्यांना योग्य वाटलं नाही. हे निकुमॅलोन म्हणजे आपल्याकडे हृदयाची झडप बदललेले अनेकजण आजही घेतात ते असिनोकुमॅरॉल.

ही औषधं गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत. विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू स्वतःच करतं. मग सगळ्यांनाच गुठळी फोडणारं इंजेक्शन का देत नाहीत, असं नातेवाईक हमखास विचारतात. रास्त प्रश्न आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पेथो’ चाचणीत रक्तदाब ठीक पण उजव्या हृदयावर ताण असलेले सुमारे हजार रुग्ण होते. नुसत्या हेपॅरिनवर 5.6 टक्के रुग्ण आठवड्याभरात दगावले किंवा त्यांचा रक्ताभिसरणाचा तोल ढासळला. सोबत टेनेक्टेप्लेज हे गुठळी फोडणारं इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण 2.6 टक्के होतं. पण पक्षाघात 0.2 टक्क्यांवरून 2.4 टक्क्यांवर गेला, बहुतेक मेंदूतल्या रक्तस्रावामुळे. म्हणून हे इंजेक्शन मुख्यतः रक्तदाब कोसळलेल्यांसाठी राखून ठेवतात. बाकीच्यांना हेपॅरिन किंवा गोळ्या देऊन बारीक लक्ष ठेवतात.

गोळ्या किमान तीन महिने चालतात. कारण न सापडलेल्यांना किंवा कॅन्सर असलेल्यांना अनेकदा त्याहून जास्त. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद केल्या तर गुठळी परत धरू शकते. तीन महिन्यांनंतरही धाप कायम असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुफ्फुसात हवा व रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा व्ही-क्यू स्कॅन करायला हवा. काहीजणांत जुनी गुठळी धमनीला चिकटून घट्ट होते आणि फुफ्फुसातला दाब वाढतो. अशी गुठळी ऑपरेशनने खरवडून काढता येते.