नाळेच्या रक्तावर कळांचा ठसा

कोल्हापुरात बाळंतपणाची बातमी आली की दुसरा प्रश्न ठरलेला असतो, ‘नॉर्मल की सिझर?’ जन्मानंतर लगेच नाळेतून घेतलेल्या रक्ताचा अहवाल वाचतानाही आधी हेच विचारायला हवं.

नाळेत तीन वाहिन्या असतात. एक जाड शीर वारेकडून ऑक्सिजन घेऊन बाळाकडे जाते आणि दोन बारीक धमन्या बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे परत नेतात. म्हणून बाळाची खरी अवस्था धमनीतलं रक्त सांगतं. चुकून शिरेतलंच घेतलं, तर अहवाल आहे त्याहून चांगला दिसतो.

कळ आली की गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारा रक्तपुरवठा क्षणभर घटतो. कळ ओसरली की तो पूर्ववत होतो. शेवटी जोर लावताना मात्र कळा लागोपाठ येतात, सावरायला वेळ मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन कमी पडल्यावर तयार होणारं लॅक्टेट वाढतं, पीएच (रक्ताची आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) थोडा उतरतो. जोतिबाचा डोंगर भराभर चढल्यावर आपल्याही रक्तात लॅक्टेट असंच वाढतं. नॉर्मल प्रसूतीत धमनीतला पीएच साधारण ७.२ ते ७.३ असतो; कळा सुरू होण्याआधी ठरवून केलेल्या सिझरमध्ये सहसा किंचित जास्त. ७.० च्या खाली गेला तर तो गंभीर इशारा.

जास्त पीएच म्हणजे जास्त सुदृढ बाळ, असं मात्र समजू नये. कळांच्या ताणातच बाळाच्या अंगात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, त्यानं फुप्फुसातलं पाणी शोषलं जायला मदत होते. कळांविना सिझर झालेल्या बाळांना सुरुवातीला धाप लागण्याचं प्रमाण म्हणूनच जास्त दिसतं. शिवाय पाठीत भूल दिल्यावर आईचा रक्तदाब घसरला, तर सिझरमध्येही बाळाचा पीएच उतरतो. तातडीच्या सिझरमध्ये आकडा खराब आला, तर आधी बाळ कशामुळे अडचणीत आलं होतं ते पाहावं. दोष लगेच शस्त्रक्रियेला देऊ नये. कळांमुळे नाळेच्या रक्तात पांढऱ्या पेशीही वाढतात, तेवढ्यावरून जंतुसंसर्ग ठरत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढतं. अनेक रुग्णालयांत नाळेच्या रक्तावरच थायरॉइडची चाचणी करतात. प्रसूती लांबली, व्हॅक्यूम किंवा चिमटा लावावा लागला, तर हा आकडा ताणानंही वाढू शकतो. त्यामुळे तो जास्त आला की बाळाच्या टाचेचं रक्त घेऊन किंवा शिरेतून नमुना घेऊन पुन्हा तपासतात, साधारण तिसऱ्या दिवसानंतर. नेमकं तेव्हा बाळ-बाळंतीण चंदगड किंवा आजऱ्याच्या माहेरी पोहोचलेली असतात, आणि ‘बाळ चांगलं दूध पितंय, आता कशाला सुई?’ असं घरातलं मोठं माणूस म्हणतं. जन्मजात थायरॉइडची कमतरता सुरुवातीला बाहेरून बहुधा दिसत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉइडची गोळी सुरू झाली, तर मेंदूची वाढ सहसा व्यवस्थित होते. महिने गेले तर झालेलं नुकसान पुरतं भरून निघत नाही. घरी निघतानाच अहवाल कधी मिळेल ते विचारून घ्यावं, चालू असलेला फोन नंबर द्यावा आणि पुन्हा बोलावलं तर बाळाला घेऊन यावं.