कोणती नक्षी कोणी काढायची?

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमध्ये राहणाऱ्या योलंगू लोकांत नुसता हात चांगला असून भागत नाही. नक्षी वारशाने यावी लागते. बापाच्या कुळाची नक्षी मुलांची. आईच्या कुळाची नक्षी त्यांनी राखायची, आणि तिथे कुणी चुकलं तर टोकायचा हक्कही भाचरांचाच. प्रत्येक नक्षी एका ठरावीक जागेची, तिथल्या पाणवठ्याची, तिथून गेलेल्या पूर्वजाची. थोडक्यात सातबाराच, फक्त तलाठ्याशिवाय.

नक्षी काढायची ती झाडाच्या सालीवर. स्ट्रिंगीबार्क या निलगिरीच्या जातीची साल पावसाळ्यात सोलतात, कारण तेव्हा ती खोडापासून सहज सुटते. विस्तवावर शेकून वजनाखाली ती सपाट करायची. रंग गेरूचे, पिवळ्या-पांढऱ्या मातीचे, कोळशाचे. बारीक जाळीदार रेघांसाठी माणसाच्या केसांची कुंचली. हीच नक्षी वाळवीने पोखरलेल्या खोडांवरही येते. अशा खोडात पूर्वी मृताच्या अस्थी ठेवत. १९८८ मध्ये गोऱ्यांच्या वसाहतीला २०० वर्षं झाली, तेव्हा आर्नहेम लँडमधल्याच रामिंगिनिंग भागातल्या कलाकारांनी वर्षाला एक अशी २०० खोडं रंगवली. ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

नक्षी हा जमिनीचा पुरावा आहे, हे त्यांनी सरकारला १९६३ मध्येच सांगितलं होतं. बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन परस्पर दिली गेली, तेव्हा यिरकाला या योलंगू वस्तीतल्या लोकांनी टाइप केलेला अर्ज सालीवर चिकटवला, भोवती आपापल्या कुळांची चित्रं काढली आणि तो संसदेकडे पाठवला. चौकशी समिती नेमली गेली, खाण झालीच. १९७१ मध्ये ते न्यायालयातही हरले. जमीनहक्काचा कायदा आला १९७६ मध्ये.

मधल्या काळात, १९६६ च्या एक डॉलरच्या नोटेवर योलंगू चित्रकार डेव्हिड मलांगींचं चित्र त्यांना न विचारताच छापलं गेलं. चित्रकार कोण हे शोधायची गरजच कुणाला वाटली नव्हती! बोभाटा झाल्यावर त्यांना १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान देण्यात आलं.

योलंगू चित्रकार मावलान मारिका यांनी १९६० च्या दशकात मुलींनाही कुळाची चित्रं शिकवायला सुरुवात केली. त्याआधी हे काम पुरुषांचं. त्यांची मुलगी बांडुक हिची नक्षी पुढे व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर, म्हणजे लोकांच्या पायाखाली निघाली. नक्षी तिला नकळत चोरली गेली असली, तरी कुळापुढे जाब तिलाच द्यायचा होता. १९९४ च्या निकालात न्यायालयाने ही मानहानीही भरपाईत धरली. शिवाय या खटल्यातल्या सगळ्या कलाकारांची रक्कम एकत्रच ठरवली, आपल्या रीतीप्रमाणे ती त्यांनीच वाटून घ्यावी म्हणून.