सुका पेपर की पाण्याचा पेपर? किनाऱ्यावरच्या गाडीची घासणी

गाडी रंगवण्याआधी घासायला सँडपेपर लागतो. रंगाच्या दुकानात नुसतं "320 चा पेपर द्या" म्हटलं, तर हातात दोनपैकी कुठलाही पडू शकतो: सुका किंवा पाण्याचा. आकडा (जितका मोठा, तितका दाणा बारीक) तोच, म्हणून पुष्कळ जण दोन्ही एकच धरून चालतात. गाडी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशा खाऱ्या हवेत उभी राहणारी असेल, तर ही गल्लत महागात पडते.

सुक्या पेपरावर बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा असतो. चांगल्या प्रतीच्या पेपरावर वरून पांढरट मेणचट थर दिलेला असतो, त्यामुळे पुट्टीची (पत्र्यातले खळगे भरायच्या लुकणाची) भुकटी दाण्यांत अडकत नाही. पाठ साध्या कागदाची, पाण्यात टाकला की लगदा. पाण्याचा पेपर सहसा काळा, सिलिकॉन कार्बाइडचा, पाठ पाण्याला दाद न देणारी. तो सुकाही चालतो, पण लवकर भरून बसतो आणि मग नुसते ओरखडे काढतो.

निवड मात्र खाली कुठला थर आहे ते बघून करायची.

डेंट काढल्यावर भरतात ती पुट्टी पॉलिएस्टरची. तिच्यात टाल्क (एका मऊ खनिजाची पूड) असतं, ती पाणी पिते. पुट्टीवर पाण्याचा पेपर मारायचा मोह होतो, कारण धूळ उडत नाही, हातही हलका फिरतो. पण आत गेलेलं पाणी पत्र्यापर्यंत उतरतं आणि वर प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग चढला की त्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. पुढे तिथेच फुगे येतात. असा फुगा खरवडून बघा: पुट्टी संपून पत्रा सुरू होतो, नेमकी तिथे गंजाची नारिंगी रेघ सापडते. दोष खाऱ्या वाऱ्यावर जातो, पाणी मात्र आपणच आत कोंडलेलं असतं. गणपतीआधी गाडी तयार हवी म्हणून भर श्रावणात काम निघतं, तेव्हा तर ओली पुट्टी वाळायची आशाच सोडा.

म्हणून प्रायमरपर्यंत सगळं सुकं. त्याआधी गाडी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करा, नाहीतर पत्र्यावरचं मीठ पेपराबरोबर चरांत घासलं जाईल. पुट्टीला आकार द्यायला 80, मग 120, मग 180, कडा मिळवायला 240 आणि 320. प्रत्येक पेपराने आधीच्याचे चरे पुसायचे असतात. 80 वरून थेट 320 वर उडी मारली तर खोल चरे तसेच राहतात. प्रायमर त्यांत हळूहळू बसतो आणि काही दिवसांनी मेटॅलिक रंगाखाली रेघा उमटतात. पेपर ठोकळ्यावर गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाचा पडतात. आणि तोंडाला मास्क हवाच.

प्रायमर सरफेसर (बारीक चरे भरणारा जाड प्रायमर) पूर्ण कडक झाला की पाण्याच्या पेपराची पाळी. साध्या रंगासाठी 600, मेटॅलिकसाठी 800. आधी प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारा. घासताना जिथे काळे ठिपके उरतात तिथे अजून खळगा आहे. ओलं असताना सगळंच सपाट दिसतं, म्हणून ते दुधाळ पाणी रबराच्या पट्टीने मधूनमधून ओढून टाका आणि तिरक्या उजेडात बघा. पेपर आधी थोडा वेळ भिजत ठेवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका.

आकड्यातही एक खोच आहे. पाठीवर आकड्याआधी 'पी' असेल तर माप युरोपीय, नसेल तर अमेरिकन असू शकतं. 220 पर्यंत दोन्ही जवळजवळ सारखे, पुढे फाटा फुटतो: अमेरिकन 400 म्हणजे साधारण पी 800. या लेखातले आकडे 'पी'चेच आहेत.

ओल्या घासणीत सर्वांत जपायचं ते दाराच्या आणि बॉनेटच्या कडांना, प्रायमर तिथेच आधी निघतो. उघडा पत्रा किंवा पुट्टी दिसली की पाणी ताबडतोब बंद. फटींतून हवा मारून गाडी पूर्ण सुकवा, तेवढ्याच जागेवर सुका 320 फिरवा आणि इपॉक्सी प्रायमरचा (पत्र्याला गंजापासून जपणाऱ्या अस्तराचा) हात द्या. पावसाळी हवेत उघडा पत्रा रात्रभरही तसा ठेवू नका.