ताठरतेसाठी तोंडाने घ्यायच्या गोळ्या

लिंगाला ताठरता न येणं किंवा आली तरी न टिकणं, ह्या तक्रारीवर आता डॉक्टर बहुतेक वेळा आधी गोळीच देतात. १९९८ पर्यंत मात्र खात्रीचं औषध म्हणजे इंजेक्शन, तेही थेट लिंगात, आणि हे ऐकल्यावर बरेच जण केबिनमधूनच परत फिरत असणार यात नवल नाही. १९८२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टर रोनाल्ड विराग यांनी पापाव्हरीन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध टोचून ताठरता येते हे दाखवलं. पुढच्याच वर्षी लास वेगासच्या परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली स्वतःला इंजेक्शन टोचून आले आणि भर व्याख्यानात पँट खाली करून परिणाम दाखवला (वैद्यकाच्या इतिहासात असं लेक्चर दुसरं नसावं). नंतर अल्प्रोस्टॅडिल हे टोचायचं दुसरं औषध आलं.

गोळ्या तेव्हाही होत्या, योहिम्बीन नावाचा आफ्रिकन झाडाच्या सालीतला अर्क तर जुनाच, पण गुण यथातथाच. खरा बदल सिल्डेनाफिलने झाला. इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर ह्या औषध कंपनीचे लोक ते छातीत दुखण्यावर, म्हणजे अँजायनावर तपासत होते, तिथे विशेष काही जमलं नाही, पण चाचणीतले पुरुष भलताच साइड इफेक्ट सांगायला लागले आणि कंपनीने दिशाच बदलली. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत त्याला व्हायग्रा ह्या नावाने परवानगी मिळाली. त्याच जातीच्या आणखी गोळ्या मागोमाग आल्या, २००३ मध्ये वार्डेनाफिल आणि टाडालाफिल, २०१२ मध्ये अव्हानाफिल.

काम कसं होतं ते बघू. उत्तेजना आली की लिंगातल्या मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यामुळे सीजीएमपी नावाचं रसायन तयार होतं, त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त भरतं. हे सीजीएमपी मोडणारं एन्झाइम म्हणजे पीडीई-५, आणि गोळी त्यालाच अडवते. म्हणजे सुरुवात शरीरानेच करायची, गोळी फक्त झालेलं टिकवते, त्यामुळे गोळी घेऊन बातम्या बघत बसलं तर काहीही होत नाही. इंजेक्शनचं तसं नाही, ते मनात काही नसलं तरी काम करतं. म्हणूनच जुना डायबेटिस असेल किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये मज्जातंतू दुखावले असतील तर गोळी कमी पडते आणि सुई परत येते.

सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घेतात, पण वर मटणाचं तेलकट जेवण चापलं तर असर उशिरा येतो, आणि मग लोक म्हणतात गोळी बोगस. टाडालाफिलला जेवणाचा फरक पडत नाही, त्याचा असर ३६ तासांपर्यंत राहतो, शिवाय ५ मिग्रॅची रोजची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटच्या लघवीच्या त्रासावरही देतात. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे नेहमीचं, सिल्डेनाफिलने कधीकधी सगळं निळसर दिसतं, टाडालाफिलने कंबर धरते.

खरी भीती सॉर्बिट्रेटची. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची ती गोळी नायट्रेट जातीची, तीही रक्तवाहिन्या सैल करते, आणि ती नि ताठरतेची गोळी एकत्र आल्या तर बीपी धाडकन पडून जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. मध्यरात्री कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात "काही गोळी घेतली होती का?", शेजारी मुलगा आणि सून उभी, मग काका मान हलवून नाही म्हणतात, डॉक्टर नायट्रेट देतात, आणि घोळ तिथेच होतो.

भारतात २००५ पर्यंत औषधावर प्रॉडक्ट पेटंट (म्हणजे खुद्द औषधावरच कंपनीचा हक्क) नव्हतं म्हणून देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मूळ ब्रँडच्या आधीच दुकानात आल्या. चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम आहे, तरी मेडिकलवर गर्दी ओसरेपर्यंत थांबून हळू आवाजात मागणारे आणि कागदात गुंडाळून देणारे दोघंही असतात. डॉक्टरकडे गेलं तर ते आधी शुगर, बीपी आणि हृदय तपासतात, कारण लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्या आधी तुंबतात. "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पावडरींत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलंय, आणि सॉर्बिट्रेट घेणाऱ्याला ते कळायचा काही मार्गच नसतो.